शेट्येचं कुलूप

"तोडा ते कुलूप. मी सांगतोय ना, जबाबदारी माझी," शेट्ये म्हणाला.

"तुमची जबाबदारी तुमच्याजवळच ठेवा. कुलूप मुजम्मिलचं आहे. तो येईल, तो उघडेल."

"मुजम्मिल जुम्म्याच्या नमाजाला गेलाय. तोवर पंप बंद ठेवायचा? माणसं नुसती बसून आहेत. मला हजेरीत काय लिहू?"

"लिहा, मांडवकर ऐकत नाही," मी म्हटलं.

ओमानात, दुक्मच्या आमच्या प्लांटमध्ये समुद्राचं पाणी गोडं केलं जायचं. मी तिथला इलेक्ट्रिशियन, आणि पंपहाऊसची कुलपं माझ्या देखरेखीखाली. यंत्रात हात घालायचा तर आधी त्याची वीज तोडायची, ब्रेकरवर आपलं लाल कुलूप मारायचं, वर आपला फोटो नि नाव लावायचं, आणि चावी आपल्या खिशात. ते कुलूप दुसऱ्या कुणी उघडायचं नाही. इंजिनियरने नाही, कंपनीच्या मालकाने, अर्बाबने नाही, साक्षात ब्रह्मदेवाने नाही. एकदा एक फिटर खिशात चावी घेऊन सुट्टीवर निघाला होता. त्याला वाटेतून, हैमाहून परत आणला आणि त्याने आपल्या हाताने कुलूप काढल्यावरच मोटर फिरली. सगळे त्याला शिव्या देत होते, पण कुलूप तोडा असं कुणी म्हटलं नाही.

मुजम्मिल श्रीवर्धनकडचा. तो आला, प्रकार कळल्यावर हसत सुटला. "काय भाऊ, मला मारणार होता की काय? माझी लेक अफशा लग्नाची आहे अजून."

शेट्येही हसला. मग तो माझ्याकडे बघत राहिला. बाजारात म्हैस बघावी तसा, दात किती, दूध किती. मला तेव्हा कळलं नाही, संध्याकाळी कळलं.

रामकृष्ण शेट्ये आमच्या कॅम्पचा टाइमकीपर. सगळ्यांची हजेरी, ओव्हरटाइम, सुट्टीचे अर्ज त्याच्या हातात, म्हणून सगळ्यांचा भाऊ. कुणाचं पोट दुखलं तर भाऊ, कुणाला घरी फोन लागत नसला तर भाऊ. आणि कुणाला फोनवर फळांचं मशीन फिरवायचं असलं तरी भाऊच. ओमानात जुगाराला बंदी आहे, कॅसिनो औषधालाही सापडायचा नाही. पण खिशातल्या फोनवर कोण पहारा ठेवणार? एक बोट लावलं की चेरी, घंटा, सात नंबर गरागरा फिरतात, नाणी पडल्याचा आवाज येतो. खातं शेट्ये उघडून द्यायचा. रोख त्याच्याकडे, पॉइंट त्याच्याकडे, आणि हरणाऱ्याच्या हरण्यातला वाटाही त्याच्याकडे. वर पुन्हा उपदेश. "मजा म्हणून खेळायचं. लिमिट लावायचं. गेलं ते परत मिळवायला जायचं नाही. जबाबदारीने खेळणाऱ्याला काही होत नाही."

हे सगळं मला माहीत होतं ते माझ्या भावामुळे. अजिंक्य. अजू.

अजू माझ्याहून पुष्कळ लहान. बाबा गेले तेव्हा तो शाळेतही जात नव्हता, त्यामुळे मी त्याचा भाऊ कमी नि बाप जास्त. मीच त्याला आयटीआयला घातला, मीच ओमानला आणला. मी मस्कतजवळ रुसैलच्या कारखान्यात होतो, त्याला दुक्मला लावून दिला. शुक्रवारी फोन करायचा. एकदा म्हणाला, "दादा, ओरडू नकोस. मी मशीन खेळतो. पण जबाबदारीने. लिमिट लावलंय."

मी ओरडलो. कोण ओरडणार नाही?

"अरे ऐक तरी. माझ्या हातात राहत नाही म्हणून मी कुलूप मारलंय. पासवर्ड शेट्येभाऊंकडून बदलून घेतलाय. मी कितीही मागितला तरी घरी जाईपर्यंत द्यायचा नाही, असं शपथेवर ठरलंय."

हे त्याला प्लांटमध्येच सुचलेलं. कुलूप म्हणजे कुलूप, ते कुणी दुसरं उघडत नाही, हे रोज डोळ्यांनी बघणारं पोर. पण प्लांटचा अर्धाच नियम त्याने उचलला. चावी आपल्या खिशात ठेवायची, हे विसरला. विसरला तरी कसा म्हणू, त्याचा स्वतःच्या खिशावरच विश्वास उरला नव्हता. आणि माझ्याकडे द्यायची तर लाज. म्हणून त्याने चावी दिली ती नेमकी चोराच्या हातात.

पुढच्या वेळी फोनवर तो रडत होता. "दादा, भाऊ देतात रे. मागितला की देतात. तू मागितलास, मी दिला, म्हणतात. तू काय लहान आहेस का, म्हणतात."

मग त्याचा फोन लागेना. कंपनी सोडून पळाला होता. इथे त्याला खल्लीवल्ली म्हणतात. कागद नाही, खोली नाही, मिळेल तिथे मिळेल ते काम. हैमाच्या रस्त्यावर पाण्याच्या टँकरवर तो बिनलायसन्सचा राबत होता हे मला पोलिसांकडून कळलं. अंधारात उंट आडवा आला, टँकर उलटला. ड्रायव्हर जगला. अजूला मी पेटीतून गावी नेला.

मस्कतला पेटीचे कागद करायला कोण आला असेल? शेट्ये. माझ्या खांद्यावर हात ठेवून रडला. "पोर गुणी होतं रे. मी किती समजावलं त्याला." मी तो हात खांद्यावर राहू दिला. त्या वेळी ती पेटी विमानात चढणं महत्त्वाचं होतं.

दिवसकार्य उरकून परत आलो आणि दुक्मला बदली मागितली. दुक्मला आपणहून कोण जातो? लोक म्हणाले, मांडवकर साइट भत्त्यासाठी चाललाय. मी म्हटलं, हो, भत्त्यासाठी. मला त्या माणसाच्या जवळ राहायचं होतं, बस. काय करायचं ते ठरलं नव्हतं. पोलिसांत एक फोन केला असता तर शेट्ये तुरुंगातून थेट मुंबईच्या विमानात बसला असता. पण त्याच्या फोनमध्ये अर्धा कॅम्प होता. मुजम्मिलही होता. त्याच्या घरी अफशाचं लग्न ठरायचं होतं. एका शेट्येसाठी एवढ्यांचे संसार उन्हात आणायचे? नाही जमलं. मी वाट बघत राहिलो. समोर दिसला की "काय शेट्ये" म्हणायचो, आणि ताटातला भात कडू लागायचा.

एकदा मुजम्मिलच्या फोनवर मीही बोट लावून पाहिलं. ज्याने माझा भाऊ खाल्ला तो दिसतो कसा, ते बघायला. घंटा वाजली, तीन चेऱ्या एका ओळीत आल्या. मी जिंकलो! मुजम्मिल नाचायला लागला. मला इतका संताप आला की त्याचा फोन भिंतीवर आपटायचाच बाकी होता.

तर त्या शुक्रवारी संध्याकाळी शेट्ये माझ्या खोलीत आला. बाहेर दुक्मचा वारा सुटलेला, दाराची कडी थरथरत होती. खोलीतला माझा जोडीदार मुजम्मिल बकाल्यावर, म्हणजे किराणा दुकानात, साबण आणायला गेला होता. शेट्येने दार लावून घेतलं आणि खाटेच्या कडेला टेकला.

"जनार्दन, तुझ्याकडे एक कुलूप ठेवायचं होतं."

"कसलं?"

त्याने फोन काढला, पाठीमागचं झाकण उघडलं आणि सिमकार्ड माझ्यासमोर धरलं.

"मशीन या नंबरावर चालतं. याच्यावर कोड आल्याशिवाय उघडत नाही. दुबईतला वरचा माणूसही मला याच नंबराने ओळखतो, दुसऱ्या नंबरावर खातं देणार नाही. तू ठेव. मी मागितलं तरी देऊ नकोस."

"तुम्ही? तुम्ही तर जबाबदारीने खेळता."

"खेळत होतो रे. दुसऱ्यांची खाती बघता बघता... मेल्या मशीनने कधी धरलं कळलंच नाही. किशोरीला खोटं सांगून सांगून थकलो. मुलीच्या कॉलेजचे पैसे होते तेही गेले." तो खाली बघत होता. "कॅम्पमध्ये सगळे माझे मिंधे आहेत. मी डोळे वटारले की कोणीही परत देईल. तू देणार नाहीस. आज बघितलं मी."

कुंपणाने शेत खाल्लं होतं, आणि आता कुंपणालाच वाळवी लागली होती. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. मी सिम घेतलं, कागदात गुंडाळलं, पाकिटात अजूच्या फोटोमागे सरकवलं.

"देणार नाही," मी म्हटलं.

मनात वेगळंच होतं. मनात होतं, मागू दे याला. पगार होऊ दे, याच्या बोटांना खाज सुटू दे, येऊ दे माझ्या दारात. मागितलं की लगेच देईन. वर त्याचेच शब्द त्याच्या तोंडावर मारीन. तुम्ही मागितलंत, मी दिलं. तुम्ही काय लहान आहात का? मग जाऊ दे त्याचं उरलंसुरलं, घरदार, बायको. जशास तसं. अंघोळ करताना, ब्रेकरसमोर उभा असताना, जेवताना मी ते वाक्य मनात घोळवत होतो. त्या दिवसांत मला जेवण गोड लागायला लागलं. मुजम्मिल म्हणालाही, "जनार्दनभाई, तब्येत सुधारली तुमची."

पगार झाला त्याच संध्याकाळी तो आला. मेसच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ मी कपडे वाळत घालत होतो. तो टाकीला टेकून उभा राहिला. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले.

"जनार्दन, ते सिम जरा दे."

झालं. ज्यासाठी मी रुसैल सोडलं तो क्षण समोर उभा होता. मी ओला हात पुसून पाकीट काढलं. शेट्येने ते पाहिलं मात्र, त्याचा चेहरा उजळला. आजारी पोराने दारात आई बघावी तसा. ओठांवर हसू आलं, खांदे सैल झाले, आणि तो म्हणाला, "वाचवलंस रे बाबा."

आणि तिथे माझा हात थांबला. दया म्हणाल तर अजिबात नव्हती. त्याला खूश झालेलं मला बघवेना, एवढंच. माझा भाऊ वाळूत पडला आणि हा माझ्या हातून सुखी होणार? एक क्षणभर का होईना? नाही! मी पाकीट परत खिशात टाकलं.

"देणार नाही."

"मस्करी करू नकोस."

"मस्करी नाही. कुलूप आहे."

"अरे ते मी सांगितलं होतं, आता मीच सांगतोय. माझं सिम, माझा नंबर. एकच दिवस. गेलं तेवढं परत आलं की मी स्वतः मोडून टाकीन, आईशप्पथ."

"नाही."

त्याने शिव्या दिल्या. माझ्या आईबापाला, माझ्या गावाला. मग हात जोडले. मग टाकीच्या चिखलात मांडी घालून बसला आणि माझे पाय धरले. मी पाय सोडवून घेतले नाहीत. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. एखाद्याचं भलं करताना माणसाला एवढा राक्षसी आनंद होऊ शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग तो ओरडला. रागाने, अगदी मनापासून, उपकार फेडत नसलेल्या माणसावर ओरडावं तसा.

"अरे, तुझ्या भावाला मी कधी नाही म्हटलं नाही! त्याने मागितलं की लगेच दिलं! त्या पोराला मी एकदा तरी असं रडवलं का? आणि तू मला..."

तो थांबला. आपल्या तोंडून काय गेलं ते त्याला ऐकू आलं असावं. वाऱ्याने दोरीवरचा शर्ट त्याच्या तोंडावर आपटत होता, तो बाजूला सारायचंही त्याला भान नव्हतं.

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "अजूने सांगितलं होतं. एकदा जरी रडवलं असतंत, शेट्ये, तरी आज ते पोर असतं."

तो तसाच बसून राहिला. मी बादली उचलली आणि खोलीत आलो. मुजम्मिलने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, शेट्येचं पोट दुखतंय. आणि मग मला हुंदका आला तो थांबेना. मुजम्मिल बिचारा पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहिला.

त्यानंतर शेट्येने सिम मागितलं नाही. माझ्याशी बोलायचाही नाही. मेसमध्ये मी दिसलो की ताट घेऊन उठायचा. पण पळून गेला नाही, दुसरा नंबरही घेतला नाही. दोन-चार जण नवा भाऊ शोधून आपापली फळं फिरवायला लागले. जगात भावांना तोटा नाही. शेट्ये मात्र हजेरी लिहायचा, संध्याकाळी समुद्राच्या बाजूने चालायला जायचा, परत यायचा. मी पाळत ठेवून होतो. आज मोडेल, उद्या मोडेल. तो मोडला नाही. हळूहळू त्याच्या अंगावर मांस धरलं, चेहऱ्याला रंग आला, आणि माझ्या लक्षात आलं की सूड माझ्या हातून निसटत चाललाय. ज्याला बुडवायला मी आलो होतो त्याला मीच पाठीवर घेऊन पोहत होतो. आणि त्याला सोडून द्यावं तर मी देणार नाही म्हणालो होतो. माझ्या शब्दाचंही ते कुलूपच झालं.

तो सुट्टीवर गावी गेला तेव्हा त्याच्या बायकोचा फोन आला. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं.

"भाऊजी, मी किशोरी शेट्ये. ह्यांनी सगळं सांगितलंन मला. मशीनचं, सिमचं. भाऊजी, माझा माणूस परत मिळाला हो. देवासारखे उभे राहिलात."

"तसं काही नाही, वहिनी."

"नाही कसं? सख्खा भाऊसुद्धा करत नाही एवढं."

मी फोन ठेवला. म्हणजे तिने अजूचं ऐकलं नव्हतं. सगळं सांगितलं म्हणे! चिडून मी पाकिटातलं ते सिम काढलं, पक्कडीने दोन तुकडे केले आणि कचऱ्यात टाकलं. तो परत आल्यावर काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं. आता लपवालपवी पुरे. सगळ्या कॅम्पसमोर, मेसमध्ये, जेवणाच्या वेळी.

तो आला तो शनिवार होता. मस्कतची बस फाटकात थांबली, माणसं उतरली, शेवटी शेट्ये उतरला. हातात पिशवी, अंगात निळ्या रेघांचा कोरा शर्ट. माझी नजर त्या शर्टावर खिळली. तो मीच घेतला होता. अजूचं वय एकवीस पूर्ण झालं तेव्हा मस्कतला रुवीच्या दुकानातून घेऊन कुणाबरोबर तरी गावी पाठवला होता, सुट्टीवर घरी जाशील तेव्हा घाल म्हणून.

शेट्ये माझ्यासमोर येऊन उभा राहिला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"तुझ्या घरी गेलो होतो," तो म्हणाला. "सांगायला गेलो होतो. तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला, असं पाया पडून सांगणार होतो. आई म्हणाल्या, आधी जेवा. पान वाढलं, समोर बसल्या. अजूच्या गोष्टी सांगत बसल्या, जनार्दन. तोंडातला घास फिरायला लागला. मग काही बोलताच आलं नाही. निघताना त्यांनी हा शर्ट काढला. माझं अंग त्याच्याएवढंच आहे म्हणाल्या. नाही म्हणवेना. घालून जा म्हणाल्या, म्हणून घालून आलो."

फाटकाजवळ माणसं होती. मेसमध्ये बोलायचं ठरवलेलं सगळं माझ्या डोक्यातून पार उडालं. मी आजवर त्या माणसाला अहो-जाहो करत आलो होतो.

"काढ," मी म्हटलं.

त्याने पिशवी खाली ठेवली. एकेक बटण काढलं. शर्ट अंगातून उतरवला, तिथेच उभ्याउभ्या नीट घडी घातली, कॉलर सारखी केली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी तो घेतल्यावर बनियनवरच, वाऱ्यात, पिशवी उचलून आपल्या खोलीकडे गेला.

खोलीत येऊन मी शर्ट नाकाला लावला. अजूचा वास असेल असं वाटलं होतं, पण त्याने तो कधी घातलाच नव्हता. डांबरगोळीचा वास होता, आणि त्याच्यावर शेट्येचा ताजा घाम.

फोन वाजला. आई होती.

"जनू, पोचलान का रे तुझा मित्र?"

"पोचला."

"चांगला माणूस हो. जेवताना डोळ्यांतून पाणी काढलान अजूसाठी. आपल्या अजूला असा कोणी भेटला असता तर..." तिने नाक पुसल्याचं ऐकू आलं. "शर्ट दिला मी त्यांना. कपाटात ठेवून काय करायचा? होतो ना रे अंगात?"

मी मांडीवरच्या शर्टाची घडी पुन्हा सारखी केली.

"होतो," मी म्हटलं. "बरोबर बसतो, आई."